वाहतुकीचा परवाना कोणाच्या हातीं?

संगणकासंबंधीं आपल्याकडील सुशिक्षितांत हल्लीं दोन मतें मोठ्या आत्मविश्वासानें मांडलीं जातात. पहिलें मत असें कीं, संगणक हें केवळ एक साधन आहे; त्याच्या पोटांतील आज्ञावली उघडी आहे कीं बंद, ती विंडोज आहे कीं लिनक्स, याची चौकशी करणें हा फावल्या वेळचा छंद होय. दुसरें मत २०२५ सालापासून विशेष बळावलें आहे. तें असें कीं, परदेशी कंपनीची आज्ञावली धोक्याची खरी. पण तिच्या जागीं एखाद्या देशी कंपनीची आज्ञावली आणून बसविली कीं आपलें कार्य झालें. हीं दोन्ही मतें आम्हांस चुकीचीं वाटतात. आणि तीं कां चुकीचीं आहेत हें समजून घेण्यासाठीं अमेरिकेपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. चंद्रपूर व गडचिरोली या आमच्या अरण्यमय जिल्ह्यांचा गेल्या पाऊणशें वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढें ठेवला म्हणजे पुरे आहे.

प्रथम प्रस्तुत विषयाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. संगणकाचें यंत्र जिच्या आज्ञेनें चालतें ती मूळ आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज ही त्यांपैकीं एक. ती मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मालकीची असून तिचें अंतरंग बाहेरच्या माणसास पाहतां येत नाहीं. पैसे मोजणारास मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना. ही रीति अमान्य करून रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थानें १९८३ सालीं ग्नू या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. आणि १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें अशा प्रणालीस लागणारा गाभा लिहून जगापुढें ठेवला. या दोन प्रयत्नांच्या संगमास आज सामान्यतः लिनक्स म्हणतात. तें वापरणारास चार अधिकार असतात: हव्या त्या कामासाठीं तें चालविण्याचा, त्याचें अंतरंग अभ्यासून त्यांत बदल करण्याचा, त्याची प्रत दुसऱ्यास देण्याचा, आणि स्वतः सुधारलेली प्रतही इतरांस वांटण्याचा. या अधिकारांबरोबर एक कर्तव्यही येतें. लिनक्सचा गाभा १९९२ पासून ज्या जी.पी.एल. नामक परवान्याखालीं वांटला जातो, त्याची अट अशी कीं, जो कोणी सुधारलेली प्रत दुसऱ्यास देईल त्यानें तिची वाचतां येण्याजोगी मूळ संहिताही दिली पाहिजे. गांवविहिरीचें पाणी कोणीही न्यावें, पण विहिरीस कुंपण घालूं नये, असा हा न्याय आहे.

आतां गडचिरोलीकडे वळूं. या दोन जिल्ह्यांत बांबू हें मोठें धन आहे. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ सालीं स्थापन झाली, आणि सरकारशीं झालेल्या करारांच्या आधारें या रानांतील बांबू वर्षानुवर्षें तिच्याकडे जात राहिला. ज्या गोंड व माडिया लोकांच्या दारांत तो वाढे, त्यांस मात्र टोपली विणण्यापुरता बांबू आणावयाचा तरी वनरक्षकाच्या मर्जीकडे पाहावें लागे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या लहानशा गांवानें या व्यवस्थेस हरकत घेतली. देवाजी तोफा यांचें नेतृत्व, मोहन हिराबाई हिरालाल यांचें साहाय्य आणि गांवकऱ्यांचा अभ्यासगट यांच्या बळावर ‘दिल्ली-मुंबईंत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार’ ही घोषणा तेथें नुसती घोषणा न राहतां कारभाराची रीति बनली. पुढें २००६ सालीं वनहक्क कायदा झाला. त्यानें सामूहिक वनहक्क मान्य केले व बांबूची गणना गौण वनोपजांत केली. २००९ सालीं मेंढ्यास सुमारें १,८०० हेक्टर रानावरील हक्काचें पत्र मिळालें.

परंतु हक्काचें पत्र हातीं आलें तरी बांबू गांवाच्या शिवेबाहेर नेण्यास लागणारा वाहतुकीचा परवाना देण्याचें वनखात्यानें नाकारलें. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येंत बांबू हा वृक्षांत गणलेला होता, आणि खातें त्या जुन्या व्याख्येस धरून बसलें. रान तुमचें, बांबू तुमचा, तो तोडण्याचा हक्कही तुमचा. मात्र विकत घेणाऱ्याच्या गाडींत घालून तो रस्त्यावर आणाल तर माल बेकायदा! अखेर २०११ च्या एप्रिल महिन्यांत तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यास आले, आणि परवान्यांचें पुस्तकच ग्रामसभेच्या हवालीं करण्यांत आलें. पुढें २०१२ सालीं नियमांत दुरुस्ती होऊन असे परवाने देण्याचा अधिकार सर्वत्रच्या ग्रामसभांकडे आला. या प्रकरणापासून घ्यावयाचा धडा इतकाच कीं, वस्तूचा उपभोग आणि वस्तूवरील सत्ता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोहोंमधील अंतर एका पातळ पावती-पुस्तकाएवढें असूं शकतें.

बंद आज्ञावली विकत घेणाराची स्थिति परवाना मिळण्यापूर्वींच्या मेंढ्यासारखीच, किंबहुना त्याहूनही लाचार आहे. तो पैसे देतो, पण मालक होत नाहीं. शेजारच्या शाळेस प्रत दिली तर तो चोर ठरतो. आंत कांहीं बिघडलें तर त्यास उघडून पाहण्याची मनाई असते. ती वस्तु केव्हां जुनी ठरावयाची हेंही त्याच्या हातीं नसतें. लिनक्सचें महत्त्व तें फुकट मिळतें यांत नाहीं. फुकट वस्तु बंद आज्ञावलीचे व्यापारीही गिऱ्हाइकास सवय लागेपर्यंत देतच असतात. तिसरा व चौथा अधिकार, म्हणजेच वाहतुकीचा परवाना, वापरणाराच्या स्वतःच्या हातीं येतो, यांत तें आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ‘सामान्य मनुष्य कोठें मूळ संहिता वाचणार आहे? भामरागडच्या शिक्षकास लाखों ओळींची संहिता दाखवून काय उपयोग?’ हा आक्षेप वरवर पाहतां सयुक्तिक दिसतो. परंतु थोडा विचार करतां तो स्वातंत्र्याच्या प्रत्येक प्रकाराविरुद्ध लागू पडतो असें आढळून येईल. कायद्याचीं पुस्तकें आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं उघडलेलीं असतात. म्हणून कायदे गुप्त ठेवावे, असें मात्र कोणी म्हणत नाहीं. संहिता उघडी असण्याचा लाभ ती स्वतः वाचणारासच होतो असें नाहीं. आपल्या विश्वासांतल्या जाणत्याकडून ती वाचवून घेतां येते, आणि तो जाणता पसंत न पडल्यास दुसरा पाहतां येतो. बंद आज्ञावलीचा जाणता एकच, तो म्हणजे विकणारा. जेथें आरोपीच साक्षीदार आणि आरोपीच न्यायाधीश, तेथें न्याय होतो असें म्हणण्यास मोठें धाडस पाहिजे.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राच्या पोषाखांत येतो. ‘सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, सामाईक वस्तूची नासाडीच व्हावयाची.’ गॅरेट हार्डिन या अमेरिकन पंडितानें १९६८ सालीं हें मत एका प्रसिद्ध लेखांत मांडलें, आणि तेव्हांपासून सामाईक रानें व कुरणें सरकारच्या किंवा खासगी मालकाच्या ताब्यांत देण्यासाठीं तें सोयीस्करपणें पुढें केलें जातें. एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीनें जगांतील अनेक ठिकाणच्या सामाईक रानांचा, पाटांचा व मासेमारीचा अभ्यास करून, जेथें वापरणारेच नियम करतात व पाळवितात तेथें सामाईक संपत्ति पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असें १९९० च्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें. ज्या २००९ सालीं मेंढ्यास हक्कपत्र मिळालें, त्याच सालीं ऑस्ट्रमबाईंस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आज्ञावलीच्या बाबतींत तर हार्डिनचें भय आणखीच पोकळ आहे. एकानें बांबू तोडला तर दुसऱ्यास एक बांबू कमी उरतो. एकानें लिनक्सची प्रत घेतली तर दुसऱ्याचें कांहींच घटत नाहीं. २०१७ च्या नोव्हेंबरापासून जगांतील अग्रगण्य पांचशें महासंगणकांच्या यादींतील एकूण एक यंत्र लिनक्सवर चालत आलें आहे. हें ‘कोणाचेंच नसलेल्या’ वस्तूचें लक्षण खासच नव्हे.

आतां स्वदेशीवाल्यांकडे वळूं. त्यांची तक्रार खोटी नाहीं. २०२५ च्या जुलै महिन्यांत युरोपीय संघानें रशियाशीं संबंध असल्याच्या कारणावरून नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध घातले. हिचा तेलशुद्धीकरणाचा कारखाना गुजरातेंत वाडिनार येथें आहे. भारताच्या कोणत्याही कायद्यानें सांगितलेलें नसतां मायक्रोसॉफ्टनें तिच्या सेवा बंद केल्या. कंपनीस आपलाच पत्रव्यवहार व आपलीच माहिती पाहतां येईना. ती दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेली, आणि थोड्याच दिवसांत सेवा पूर्ववत् झाल्या. पैसे भरलेले होते, करार होता. तरी कुलुपाची किल्ली दुसऱ्याकडे होती. या प्रसंगानंतर देशी आज्ञावलीची हाक उठली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत केंद्रीय शिक्षण मंत्रालयानें आपल्या अधिकाऱ्यांस झोहो या भारतीय कंपनीचीं कार्यालयीन साधनें वापरण्यास सांगितलें.

भारतीय कंपनी भरभराटीस यावी याचा आम्हांसही आनंदच आहे. परंतु किल्ली परदेशी खिशांतून काढून देशी खिशांत घातली म्हणजे ती आपल्या हातीं आली, हें अनुमान कोणत्या तर्कशास्त्रांत बसतें? बल्लारपूरची गिरणी स्वदेशीच होती. १९४७ नंतरचें वनखातेंही स्वदेशीच होतें. साहेब गेला, त्याचा कायदा राहिला, आणि मेंढ्याच्या मनुष्यास स्वतःच्या रानांतील बांबूसाठीं आणखी सहा दशकें थांबावें लागलें. स्वदेशी आणि स्वराज्य या दोन शब्दांतील भेद ज्या देशानें एवढी किंमत देऊन शिकला, त्यानें तो संगणकाच्या पडद्यासमोर बसतांच विसरावा, हें आश्चर्य होय. केंद्र सरकारनेंच २०१५ सालीं सरकारी कामांत मुक्त आज्ञावलीस प्राधान्य देण्याचें धोरण जाहीर केलें होतें. तें बाजूस ठेवून देशीपणाचाच घोष करणें म्हणजे हातांतलें मोठें सोडून लहानाच्या मागें लागणें होय.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो आम्ही सर्वांत गंभीर समजतों. जर्मनींतील म्युनिक शहरानें २००३ सालीं लिनक्सचा निर्णय घेतला, दहा वर्षें खपून सुमारें पंधरा हजार संगणक त्यावर आणले, आणि २०१७ सालीं परत विंडोजकडे जाण्याचें ठरविलें. याचा उल्लेख प्रतिपक्षी हटकून करतात. तो त्यांनीं अवश्य करावा. पण २०२४ सालीं त्याच जर्मनींतील श्लेस्विग-होल्स्टाइन या प्रांतानें सुमारें तीस हजार संगणक मुक्त प्रणालीवर नेण्याचें जाहीर केलें, हेंही सांगावें. त्याहून जवळचें उदाहरण केरळचें. तेथें २००१ सालीं सुरू झालेल्या ‘आय. टी. ॲट स्कूल’ या योजनेनें कांहीं वर्षांतच सरकारी शाळा लिनक्सवर आणल्या, शिक्षकांस त्यांतच शिकविलें, पाठ्यपुस्तकें त्याचींच केलीं, आणि हा क्रम तेथें टिकला. आमच्या राज्यानें त्याच २००१ सालापासून एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमाच्या द्वारें लाखों लोकांस संगणकाची तोंडओळख करून दिली. हें काम लहान नव्हे. मात्र त्याचा भर विंडोज व त्याच कंपनीचीं कार्यालयीन साधनें यांवर राहिला. एकाच वर्षीं दोन राज्यांनीं आरंभ केला. एकानें वाचन शिकविलें, दुसऱ्यानें एका दुकानाची पाटी वाचावयास शिकविलें.

व्यवहाराचीच गोष्ट काढली आहे तर आमच्या तालुक्यांचा व्यवहार पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नेहमींची दुरुस्ती थांबविली. कांहीं अटींवर मर्यादित मुदतवाढ देऊं केली, एवढेंच. विंडोज ११ ला नव्या पिढीचा प्रोसेसर व सुरक्षेची विशिष्ट सोय लागते. म्हणून असंख्य चालते संगणक एका तारखेनें म्हातारे ठरले. तीं यंत्रें झिजलीं नव्हतीं. दूरच्या एका कचेरींत तसें ठरलें होतें. मुंबई-पुण्यास नवें यंत्र घेतां येईल. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा येथील शाळांनीं काय करावें? लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या त्याच जुन्या यंत्रांवर वर्षानुवर्षें चालतात. शिवाय ज्या भामरागडचा रस्ता पर्लकोटेच्या पुरानें पावसाळ्यांत बंद पडल्याचे प्रसंग वारंवार आले, तेथें आज्ञावलीची प्रत एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत खिशांतून नेतां येणें, आणि तसें नेणें कायदेशीर असणें, ही चैन नव्हे. ती गरज आहे.

साहित्याच्या वाचकांस हा सर्व प्रपंच परका वाटत असेल तर त्यांनीं आपल्या लिपीची कथा आठवावी. एकोणिसाव्या शतकांत जावजी दादाजी यांनीं निर्णयसागरांत देवनागरीचे सुबक खिळे पाडले. त्या खिळ्यांनीं छापलेलें पुस्तक आज हातीं धरलें तर वाचण्यास निर्णयसागराची अनुज्ञा लागत नाहीं. त्यानंतर शंभर वर्षांनीं संगणक आला, आणि श्रीलिपि, आकृति, कृतिदेव अशा प्रत्येक टंकानें अक्षरांस आपापला गुप्त संकेत दिला. एका टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्यांत उघडला तर रोमन अक्षरांचा कचरा दिसे. कित्येक ग्रंथांचीं, प्रबंधांचीं व मासिकांचीं हस्तलिखितें त्या संकेतांत अडकून पडलीं. वाळवीनें खाल्लेल्या पोथीचें निदान दुःख तरी होतें; या पोथ्या धडधाकट असून मुक्या झाल्या. मराठीस यांतून सोडविलें तें युनिकोड या सर्वांस खुल्या असलेल्या संकेतानें, ज्यांत देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. आणि तो संकेत रूढ करण्यांत मुंबईच्या इंडलिनक्ससारख्या प्रयत्नांचा व लोहित, मुक्ता यांसारख्या मुक्त टंकांचा वांटा आहे. मुक्ता हा टंक मुंबईच्या एक टाइप या संस्थेनें घडविला, आणि तो कोणीही घ्यावा, बदलावा, वांटावा.

मराठीचें हें झालें. मग गोंडीचें काय? २०११ च्या जनगणनेंत गोंडी बोलणारांची संख्या २९ लाखांवर भरली, तरी ती भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टांत नाहीं आणि बाजारांत तिला गिऱ्हाईक नाहीं. मसराम गोंडी लिपीस २०१७ सालीं व गुंजाळा गोंडी लिपीस २०१८ सालीं युनिकोडांत स्थान मिळालें. परंतु पडद्यावरच्या सूचना गोंडींत दिसाव्या असें धानोऱ्याच्या एखाद्या शिक्षकास वाटलें, तर बंद प्रणालींत त्यास मालकाचें मन वळवावें लागेल, आणि मालक नफ्यातोट्याचा हिशेब पाहील. मुक्त प्रणालींत त्यानें कोणास विचारावयाचें नाहीं. बसून भाषांतर करावें व वांटावें. ज्या भाषेस बाजार नाहीं तिला मुक्त आज्ञावलीवांचून संगणकांत घर नाहीं, हें आमचें मत आहे.

आतां लिनक्सच्या भक्तांसही दोन शब्द सुनावणें प्राप्त आहे. यांतील पुष्कळांनीं या विषयाचा आखाडा करून टाकला आहे. कोणती आवृत्ति शुद्ध व कोणती भ्रष्ट, यावर ते हिरीरीनें भांडतात, आणि विंडोज वापरणाऱ्या कारकुनास अडाणी म्हणून हिणवितात. त्यांस एवढें कळत नाहीं कीं, नांवांत मुक्ति नसते. आज खिशांखिशांत असलेल्या अँड्रॉइड फोनाचा गाभा लिनक्सच आहे. तरी त्या फोनाचा धनी त्यांतील कित्येक गोष्टी काढूं शकत नाहीं कीं बदलूं शकत नाहीं. पाया सामाईक, वर कुलुप खासगी, असा हा प्रकार आहे. मेंढ्याचा विजय घोषणेनें झाला नाहीं. तेथें अभ्यासगट बसला, कायदा वाचला गेला, आणि निर्णय बहुमतानें न घेतां सर्वसहमतीनें घेण्याची चिकाटी दाखविली गेली. भक्तांनीं वादविवाद सोडून एकेका शाळेजवळ वर्षभर बसण्याची तयारी दाखविली, तर त्यांच्या मताचा प्रसार त्यांच्या व्याख्यानांपेक्षां अधिक वेगानें होईल.

आमचें मागणें मोठें नाहीं. गोंडवाना विद्यापीठ २०११ सालीं याच दोन जिल्ह्यांसाठीं स्थापन झालें. त्यानें आपले प्रबंध, अभ्यासक्रम व कागदपत्रें खुल्या स्वरूपांत ठेवावीं, म्हणजे पन्नास वर्षांनींही तीं उघडतील. असें ओ.डी.एफ. नामक स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. शाळांत येणाऱ्या प्रत्येक संगणकावर मुक्त प्रणाली असावी, आणि ती शिकविणारा शिक्षक त्याच्याबरोबर तयार व्हावा. आणि सर्वांत महत्त्वाचें, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांनीं आपल्या रानाचे नकाशे, गणत्या व हिशेब भाड्याच्या आज्ञावलींत ठेवूं नयेत. नकाशांसाठीं क्यूजीआयएस हें उत्तम मुक्त साधन २००२ पासून घडत आलें आहे. रानाच्या सीमेवरून ज्या गांवांनीं पिढ्यान्‌पिढ्या झगडा केला, त्यांस आपल्याच सीमेचा नकाशा उघडण्यासाठीं दरवर्षीं दूरच्या कंपनीचें भाडें भरावें लागलें, तर तो झगडा अर्ध्यावर सोडल्यासारखा होईल. २०११ सालीं जें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें तें मागून घेतांना मेंढ्याच्या लोकांनीं वनखात्याच्या सौजन्यावर भिस्त ठेविली नव्हती. या दुसऱ्या पुस्तकासाठीं तर कोणत्याही मंत्र्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. तें आधींच लिहिलेलें आहे, आणि घेण्यास कोणाचीही मनाई नाहीं.